ताक्तुक, वय एक्क्याऐंशी

इमाग्विक
३ सप्टेंबर

काव्विक,

तू नक्की कुठे आहेस ते माहीत नसताना लिहितेय. मागचं पत्र डच हार्बरहून आलं होतं आणि त्याला माशाचा वास येत होता, तेव्हा अजून तिथेच असशील असं धरून चालते. फोनचा मनोरा ऑगस्टात कलला. खालची गोठलेली जमीन वितळली, आता तो झिंगलेल्या माणसासारखा समुद्राकडे झुकून उभा आहे. म्हणून हे पत्र.

बस कुठेतरी. बसलास? यादी लागली.

टेकडीवरच्या नव्या वस्तीत नाताळापर्यंत चारच घरं उभी राहणार. बाकीच्यांनी दोन वर्षं थांबायचं. पहिला नंबर उंगारुककाकांचा, यात गावात कोणालाच शंका नव्हती. समुद्र कडा खात सुटलाय आणि त्यांचं घर कड्यापासून नऊ पावलांवर आलंय. मी स्वतः मोजलं. घरात ते, सून आणि तिचं चार महिन्यांचं बाळ. मुलगा तेलाच्या कामावर दूर. आणि पहिला नंबर कोणाचा लागावा? आपल्या आजीचा! कड्यापासून ऐंशी पावलं आत राहणाऱ्या आजीचा. काका पाचवे. मी शाळेच्या व्यायामशाळेत यादीसमोर तोंड उघडं टाकून उभी राहिले. काका शेजारीच होते. म्हणाले, "चला, म्हातारीला वरून देवमासे आधी दिसतील. हाक मारेल मला." आणि टोपी घालून निघून गेले. हसून गेले, तेच मला सहन झालं नाही.

आजीने घरी आल्या आल्या ताक्तुकला हाक मारली. "अहो, ऐकलंत का? आपल्याला घर मिळालं." ताक्तुक सीलच्या तेलात बोट बुडवून चाटत होती. म्हणाली, "जिना आहे?" "नाही हो, उतार आहे दारापर्यंत." "मग घसरगुंडी होईल." रिवाजाप्रमाणे मुलीला आजोबांचं नाव दिलं, म्हणजे आजोबाच माझ्या पोटी परत आले, सात वर्षांचे झाले, आणि या घरात मला, त्यांच्या आईला, कोणी विचारतसुद्धा नाही.

आता खरा धक्का. परवाच्या विमानातून एक चाकांची खुर्ची आली. नवीकोरी. खोक्यावर नाव, "श्री. ताक्तुक". दवाखान्यात मी काम करते आणि मी ती मागवलेली नाही. ताक्तुक दिवसभर तिच्यात बसून गावभर फिरतेय. कुत्री मागून धावताहेत.

गेल्या उन्हाळ्यात पुनर्वसन कचेरीसाठी घरोघरी मोजणी तू केली होतीस. काय लिहिलंस रे? सरळ उत्तर दे. निदान एकदा.

सिग्वाना


डच हार्बर
१९ सप्टेंबर

ताई,

पत्र वाचताना हातातली सुरी पडली. बोटांवर नाही पडली, बुटावर पडली. मुकादम ओरडला, "तुला मासे कापायला ठेवलाय की पत्रं वाचायला?" मी म्हटलं, आजीला घर मिळालं. तो म्हणाला, मग जा आजीकडे. इथे कोणालाच काही वाटत नाही.

आजी पहिली! काय सांगतेस काय. माझा अजून विश्वास बसत नाही. पण काका पाचवे हे मात्र भलतंच. कचेरीतलं यंत्र गुण मोजतं ना, त्याचाच काहीतरी घोळ असणार. मी आपला लोक सांगतील ते लिहून घेणारा माणूस. अकरा दिवसांत चौतीस घरं, प्रत्येक घरात चहा आणि कडक बिस्किटं, शेवटी शेवटी पोटातून आवाज यायचे. एवढं सगळं कोणाच्या लक्षात राहतं?

इथे माझ्या खोलीत एक फिलिपिनो आहे, दोमिंगो. तो भातावर वाळलेला मासा चुरून खातो आणि मला म्हणतो, तुमच्या सीलच्या तेलाचा वास माझ्या उशीला लागतो. मी म्हटलं, नशीबवान आहेस. त्याचं बेट दर वर्षी वादळात उडतं म्हणे. एकदा त्याचं छप्पर शेजारच्या गावात सापडलं, आणि शेजाऱ्यांनी त्याखाली डुकरं बांधली होती. मी हसलो, तर तो हसला नाही. मग मला एकदम आपलं तळघर आठवलं. आजोबांनी गोठलेल्या जमिनीत खणलेलं. मागच्या वर्षी त्यात गुडघाभर पाणी, देवमाशाचं मांस तरंगतंय आणि आजी काठावर उभी राहून नुसती बघतेय. पुढच्या महिन्यात मी एका बोटीवर जायच्या विचारात आहे. खेकड्यांची बोट. किंवा दक्षिणेला. ठरलं नाही.

खुर्चीचं मला काही माहीत नाही. दुसरा कोणी ताक्तुक असेल.

आजोबांचे पुढचे दोन दात आले का?

काव्विक


इमाग्विक
२ ऑक्टोबर

काव्विक,

दुसरा ताक्तुक! या किनाऱ्यावर दुसरा ताक्तुक कोण आहे ते दाखव, मी त्याचे पाय धुते.

आणि पत्राच्या शेवटी दातांची चौकशी! त्यानेच तू सापडलास. मी कचेरीला कळवून आजीच्या अर्जाची नक्कल मागवली. आज आली. मी ती दवाखान्यात उभ्या उभ्या वाचली आणि मग खाली बसले, रुग्णांच्या बाकावर, दोन रुग्णांच्या मधे. तुझंच अक्षर आहे. जसंच्या तसं उतरवून देते, म्हणजे "आठवत नाही" म्हणायची सोय उरणार नाही.

"घरात कोण कोण: आजी आणि पती. पतीचे नाव: ताक्तुक. वय: एक्क्याऐंशी. दात: पुढचे दोन नाहीत. कान: डावा दुखतो, हाका मारल्या तरी ऐकत नाहीत. चालणे: बर्फावर सारखे पडतात, लांब जायचे तर पाठुंगळी घ्यावे लागते. अंथरूण: कधी कधी ओले होते. एकटे राहू शकतात का: अजिबात नाही, काड्यापेटी लपवून ठेवावी लागते."

आणि खाली सही! पतीच्या सहीच्या जागी एक वॉलरस काढलाय. सुळ्यांसकट. काव्विक, कचेरीने तो वॉलरस मान्य केला.

आठ वर्षांपूर्वी बर्फाखाली गेलेल्या माणसाला तू सात वर्षांच्या मुलीचे दात, कान आणि अंथरूण देऊन सगळ्या किनाऱ्यावरचा सर्वांत लाचार म्हातारा करून ठेवलंस. शंभरात सत्त्याण्णव गुण! माझ्या घराच्या अर्जावर तीच ताक्तुक पुन्हा आहे, माझी मुलगी म्हणून. एक माणूस, दोन घरं, दोन वयं.

गावात कोणाला यात काही चूक दिसली नाही, हे सांगू तरी कोणाला? मी शेजारणीला नक्कल दाखवली. तिने वाचली आणि म्हणाली, "बरोबर आहे की. पडतातच ते सारखे." मी पण यादीवर "ताक्तुक" वाचून पुढे गेलेच होते ना. आपण सगळे एकाच माळेचे.

काकांचा कडा आता पाच पावलांवर आहे. समुद्र अजून उघडा. आजोबांच्या वेळी ऑक्टोबरात बर्फ धरलेला असायचा, लाटेला किनाऱ्याला हात लावता यायचा नाही. काकांना अर्जाचं काही माहीत नाही. काल सील मिळाला, तर रिवाजाप्रमाणे पहिला वाटा ताक्तुकलाच आणून दिला. "घे भिडू, तुझा." आजोबांना, शिकारीतल्या जुन्या भिडूला, द्यायचे तसा. मला त्यांच्याकडे बघवेना.

काय करायचं ते आपण दोघांनी ठरवू. घाईने काही करू नकोस. तुझं उत्तर आल्यावर मी आधी काकांशी बोलेन.

सिग्वाना


डच हार्बर
१४ ऑक्टोबर

ताई,

मीच लिहिलं.

हे एवढं एक वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले, मधे दोनदा दुसरंच काहीतरी लिहून फाडलं. आता सांगतो कसं झालं ते.

आजीचं घर शेवटचं होतं. बाहेर छान ऊन होतं आणि मला माझ्या दोस्ताच्या, तातुर्लिकच्या बोटीतून जायचं होतं, ती निघणार होती. मी विचारलं, "आजी, घरात कोण कोण?" ती म्हणाली, "मी, आणि हे." मी लिहिलं. शपथेवर सांगतो, हात एकदासुद्धा अडखळला नाही. जन्मल्यापासून तिला आजोबाच म्हणतोय मी. "त्यांचं वय?" "माझ्यापेक्षा चारने मोठे." बेरीज करून लिहिलं. पुढे विचारलं, तब्येत कशी असते? तर आजी जे दिसत होतं ते सांगत गेली, आणि आजोबा माझ्या मांडीवर बसून माझी पेन्सिल ओढत होते. सहीला मीच त्यांच्या हातात पेन्सिल दिली. त्यांना वॉलरस येतो, म्हणून. एकही शब्द खोटा नाही, ताई, आणि सगळा कागद खोटा आहे. मी त्या कागदावर उंगारुककाकांना घरातून काढलं की गं. त्याच काकांना, ज्यांनी मला पहिली बंदूक धरायला शिकवली. मला पाचव्या इयत्तेतून काढलं तेव्हा मास्तरांना म्हणाले होते, "राहू द्या, याचे पाय शाळेच्या बाकाखाली मावत नाहीत."

तुझं पत्र वाचल्यावर माझ्याने राहवलं नाही. मी त्याच दिवशी कचेरीला सगळं लिहून टाकलं. की आजीचा नवरा वारला आहे, ती मुलगी आहे, चूक माझी, आजीचं नाव काढा आणि काकांचं घाला. टपालात टाकलंसुद्धा. तू घाई करू नकोस म्हणाली होतीस, ते मी टाकून आल्यावर दुसऱ्यांदा वाचलं.

पण आता सगळं सरळ होईल ना? पाचवे होते ते चौथे होतील. एवढं साधं आहे ना ते?

काव्विक


इमाग्विक
१ नोव्हेंबर

काव्विक,

साधं नाही.

तुझं पत्र कचेरीत पोचलं आणि त्यांनी पूर्ण यादीच थांबवली. एक अर्ज असा निघाला, तर बाकीचे तेहतीस खरे कशावरून? अर्जांवर अक्षर एकाच माणसाचं! फेरमोजणी होईपर्यंत टेकडीवर एकही खांब उभा राहणार नाही. खांब मालवाहू बार्जमधून येऊन किनाऱ्यावर पडलेत, मुलं त्यांच्यावर उड्या मारताहेत.

चोवीस तारखेला व्यायामशाळेत बैठक झाली. कचेरीतली बाई विमानाने आली. भली बाई आहे, बूट मात्र चुकीचे. तिने यादी थांबल्याचं सांगितलं तेव्हा मी उठून सगळ्यांसमोर अर्ज वाचला. वॉलरसपर्यंत आले तेव्हा लोक हसले, पण काकांकडे बघून गप्प झाले.

काका उठले. "चूक कसली?" म्हणाले. "ताक्तुक माझ्या आधीच जातो. बोटीत तो पुढे बसायचा, मी मागे. बर्फ फुटला तेव्हा तो माझ्या पुढे होता म्हणून मी आज उभा आहे. आता घराच्या वेळी मी त्याला मागे ढकलू?"

बाई म्हणाली, "अहो, पण ती सात वर्षांची मुलगी आहे."

"हो ना," काका म्हणाले. "म्हणून तर एवढा जोरात पळतो."

सगळे हसले, आजीसुद्धा. आणि मला कळलं की हा माणूस कड्यावरून खाली जाईल, पण भिडूच्या आधी घर घेणार नाही.

परवा रात्री वादळ आलं. सून आणि बाळ आजीकडे झोपायला आली होती. पहाटे कड्याचा आवाज झाला. पत्र्यावर कोणी दगड ओतावेत तसा. सूर्य उगवून वर आला तेव्हा काकांचं अर्धं घर नव्हतं. स्वयंपाकघर खाली पाण्यात, भिंतीवरचं कॅलेंडर जागच्या जागी लटकतंय. आम्ही सगळे बघत असताना काका उरलेल्या अर्ध्यात शिरले. सुनेचं शिवणयंत्र आणायला! मी ओरडत होते. ते यंत्र छातीशी धरून दारात आले, मला दिसले, आणि खालची फळी गेली.

जिवंत आहेत. खुबा मोडलाय. खाली वाळूत पडले, लाट मागे गेली होती म्हणून. यंत्र सोडलं नव्हतं. चौघांनी वर काढलं. विमानापर्यंत न्यायचं कसं, तर ताक्तुक ती खुर्ची ढकलत आली. कोणी सांगितलं नव्हतं. धावपट्टीपर्यंत तिने दांडा सोडला नाही. काका तिला म्हणाले, "भिडू, आज तू मागे बसलास की रे." ती रडायला लागली.

मी त्यांच्याबरोबर शहरातल्या इस्पितळात जातेय. हे धावपट्टीवरच लिहितेय. फेरमोजणी वीस तारखेला. बाई अर्ज भरणार, पण आजीला आणि इतर म्हाताऱ्यांना बाईची भाषा कळत नाही. पंचायतीने ठरवलंय की दुभाष्या तूच. ज्याने लिहिलं त्यानेच बसायचं.

खेकड्यांची बोट जाऊ दे. ये.

सिग्वाना


इमाग्विक
२४ नोव्हेंबर

ताई,

आलो. तीन विमानं बदलून. एका विमानतळावर एका माणसाने मला रेनडियर पाळायला बोलावलं होतं, पगार बरा होता. नाही गेलो. याची नोंद घे.

काकांचं घर पाहिलं. अर्धंच पाहिलं म्हणायचं. मी तिथे उभा राहून पावलं मोजायला गेलो आणि मोजायला काही उरलंच नव्हतं. कॅलेंडर अजून आहे. ऑक्टोबरच दाखवतंय.

आधी काकांना सांग. उशाशी जाऊन मोठ्याने सांग, त्यांनी ऐकू न आल्याचं सोंग केलं तरी सांग. यादी आज लागली, पहिला नंबर त्यांचा. सोमवारी खांब ठोकायला घेताहेत आणि मी पण आहे त्या कामावर. तिथे दारापर्यंत उतार आहे, खुर्चीला सोयीचा. आजी एकोणिसावी. ते कसं झालं हे त्यांनी विचारलं तर पुढचं वाचून दाखव. विचारणारच.

चार दिवसांत चौतीस घरं झाली. या वेळी मी चहा घेतला नाही. आजीचं घर पुन्हा शेवटी, तशी माझीच विनंती होती, भित्रा माणूस मी. बाई टेबलाशी बसली, मी मधे, आजी खाली बसून बुटाचा तळवा शिवत होती आणि आजोबा टेबलाखाली पोटावर पडून चित्र काढत होते.

बाई म्हणाली, विचारा. मी विचारलं, "आजी, घरात कोण कोण?"

"मी, आणि हे."

बाईला ते न सांगताच कळलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आजी, कागदावर फक्त जिवंत माणसं लिहायची असतात."

"मग? हे काय मेलेत?" आजीने सुईने टेबलाखाली दाखवलं.

ताई, मला एकदम दोमिंगोच्या छपराची आठवण झाली, ते डुकरांवरचं, आणि मी बाईला ती गोष्ट सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. नाही सांगितली. मिटलं. अर्जावर चार चौकोन होते: विवाहित, अविवाहित, विभक्त, विधवा. बाईचं पेन त्या चार चौकोनांवर थांबलेलं. मी म्हटलं, "आजी, इथे विधवा लिहावं लागेल."

हा शब्द आपल्या घरात कधी कोणी उच्चारला नव्हता. आजोबा गेले, पाच महिन्यांत परत आले, उच्चारायची वेळच आली नाही. आजीचा हात थांबला. तिचा चेहरा असा झाला की जणू मीच येऊन आत्ता बातमी दिली. आठ वर्षं उशिरा. मला वाटलं ती मला घराबाहेर काढेल, आणि काढलं असतं तर बरं झालं असतं.

"कोणासाठी?" एवढंच विचारलं.

"उंगारुककाकांसाठी."

ती माझ्याशी नाही, वाकून टेबलाखाली बघत बोलली, "अहो. उंगारुकला या वेळी आपल्या आधी वर जायचंय. जाऊ द्यायचं का?"

आजोबांनी चित्रातून डोकं काढलं. भुवया वर उचलल्या, म्हणजे हो.

"बाईला सांग, लिही म्हणावं," आजी मला म्हणाली, आणि सुई पुन्हा चामड्यात घातली.

बाईने लिहिलं. नियम असा की भरलेला अर्ज घरातल्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचा. तो वाचायचा होता मलाच, आपल्या भाषेत. मी वाचला. "घरात: एक व्यक्ती. विधवा. पती ताक्तुक, मृत." बाई खिडकीबाहेर बघत होती. आजीने सही केली, कागद उलटा करून सरकवला.

बाई गेल्यावर आजीने कॅरिबू हरणाचं सूप वाढलं, तीन वाट्या. आपली बोटं पुसत म्हणाली, "अहो, ऐकलंत का? नातवाने आज मारलं तुम्हाला. कागदावर."



आजोबांनी छाती चाचपून पाहिली, मग पोट चाचपलं, मग डावा कान. आणि म्हणाले, "दुखलं नाही."

काव्विक